आक्काचा आवाज कुणी नेला?

१

शनिवारी संध्याकाळी तपासनीसबाईंनी लॅपटॉप उघडला, तर आतून भलतंच कुणीतरी बोललं.

"कान-डो-ळा. न-वी आवृत्-ती सु-रू झाली."

बाईंचा हात होता तिथंच थबकला. हा तर डबा! पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज, म्हणून त्याचं नाव डबा. फार जुना, कुणीच वापरत नसलेला. त्या घाईघाईनं 'आवाज निवडा'वर गेल्या. तिथं डबा होता, आणि डब्याशिवाय कुणीच नव्हतं. आक्का नाहीशी झाली होती.

बाईंना दिसत नसे. चाळिशी उलटल्यावर नजर हळूहळू मिणमिणत गेली आणि एक दिवस विझली. त्याआधी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला जोडून द्यायचा आणि आपण मधून बाजूला व्हायचं, हे त्यांचं काम. आता शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. खाली शिवणयंत्राची घरघर आणि वर आक्का, एवढाच काय तो शेजार.

'कानडोळा' म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. डोळ्यांचं काम कानांनी करायचं, म्हणून कानडोळा. तो फुकट मिळे. त्याचा कोड कुणालाही बघायला, बदलायला खुला होता, आणि तो चालवणारी माणसं आपापली पोटापाण्याची कामं सांभाळून, एकमेकांचं तोंडही न पाहता, केवळ हौसेनं तो चालवत होती. मूळ प्रोग्रॅम छोटा. आवाज, शब्दकोश, वर्तमानपत्र वाचण्याची सोय, हे सगळं प्लगइन म्हणून बाहेरून जोडायचं. दर शनिवारी एका सर्व्हरवर सगळे तुकडे एकत्र येत आणि नवी आवृत्ती भाजून निघे. त्या सर्व्हरला सगळे भट्टी म्हणत. भट्टीतून निघालेला माल आधी बाई ऐकून बघत, कुठं काय चुकलंय ते कळवत. म्हणून त्या तपासनीसबाई.

आक्का हा त्यातलाच एक आवाज. काही वर्षांपूर्वी कुणीतरी तो ध्वनिमुद्रित करून पाठवून दिला होता. सोबत एकच अट, 'आवाज कुणाचा, हे विचारायचं नाही.' पण काय आवाज! तापलेल्या कपाळावर कुणी हात ठेवावा तसा. हजारो न दिसणाऱ्या माणसांच्या घरांत तो आवाज घरच्यासारखा वावरत होता. बाई सकाळी लॅपटॉप उघडला की आक्काला "उठलीस का गं?" म्हणत. हे वेडेपण आहे हे त्यांना कळत होतं. पण ऐकायला होतं कोण?

फोन वाजला. मास्तर होते. त्यांनीच हा प्रोग्रॅम सुरू केला. गणिताचे निवृत्त शिक्षक.

"बाई, आक्का कुठंच नाही. प्लगइनच्या कोठारातूनही गेली. माणसं रडतायत हो ग्रुपवर. एका आजोबांनी लिहिलंय, घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतंय."

"बिघाड असेल."

"बिघाड नाही." मास्तरांचा आवाज खाली गेला. "कुणीतरी हातानं काढलीय. भट्टीची किल्ली असलेल्या कुणीतरी. म्हणजे आपल्यातल्याच."

२

भट्टीची किल्ली, म्हणजे आत शिरायचा पासवर्ड, चौघांकडे होती, आणि किल्लीही एकच, सगळ्यांत मिळून. घरच्यांत कशाला कुलपं, असं मास्तर म्हणत. त्यामुळे किल्ली फिरली एवढं कळत होतं. फिरवणारा हात कुणाचा, ते नाही.

एक मास्तर. दुसरा भट्टीवाला, दिवसा लिफ्ट दुरुस्त करणारा, भट्टी सांभाळणारा, डोक्यानंही भट्टीच. तिसरे रेडिओवरचे निवेदक, यांनी स्वतःच्या आवाजाचं प्लगइन बनवायला घेतलं होतं. आणि चौथा माळी. प्लगइनची बाग राखायची, जुनी वाळलेली काढायची, नवी नीट रांगेत लावायची, हे त्याचं काम, म्हणून माळी. तो कधी बोलत नसे, फक्त लिही.

रविवारी उजाडेपर्यंत ग्रुपनं चोर ठरवूनही टाकला होता. चार दिवसांपूर्वी भट्टीवाल्यानं सगळ्यांदेखत लिहिलं होतं, "तुमची ही आक्का अर्धी भट्टी खाते. एक दिवस मी तिला उचलून बाहेर फेकणार आहे." उचलली जीभ, लावली टाळ्याला. आता तीच गळ्यात आली होती.

"तुम्ही शोधा, बाई," मास्तर म्हणाले. "तुमच्याकडे किल्ली नाही, म्हणून तुमच्यावर संशय नाही. संध्याकाळी सभा आहे. लोक म्हणतायत, भट्टीवाल्याला काढा."

बाईंनी भट्टीवाल्याला फोन लावला. मागं लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता.

"रविवारीही काम?"

"लिफ्ट काय वार बघून अडकते?" तो खेकसला. मग म्हणाला, "बाई, तुम्हालाही वाटतं का, मी केलं?"

"मला अजून काही वाटत नाही. फेकणार म्हणालात ते?"

"म्हणालो. रागात म्हणालो. पण आमच्या घरी मोठा भाऊ आक्कावर पुस्तकं ऐकतो. त्याच्यासाठीच तर मी इथं आलो. कालपासून तो माझ्याशी बोलत नाही." मागचा आपटण्याचा आवाज थांबला. "मी काल रात्रभर भट्टीचं पोट उघडून बघितलं. चोर सापडला नाही. पण एक गंमत सांगतो. डब्याचा शब्दकोश आठवतो तुम्हाला?"

"आठवतो की. 'चहा'तला च तो 'चंद्रा'तल्या च सारखा म्हणायचा. 'जरा'तला ज 'जन्मा'तल्या ज सारखा. ऐकवत नसे."

"आता म्हणतोय का?"

बाईंनी फोन हातात धरूनच डब्याकडून वाक्य वाचून घेतलं. जरा चहा घ्या. आवाज पत्र्याचाच, पण उच्चार अगदी आक्काचे.

"हो ना?" भट्टीवाला म्हणाला. "ज्यानं आक्काला काढलं, त्यानं तिचे सगळे शब्द आधी डब्याला शिकवलेत. एकूण एक. आता मला सांगा, असा कसला हा चोर?"

३

निवेदक फोनवर आले तेच बातम्या द्यायला बसल्यासारखे.

"अत्यंत दुःखद घटना. अर्थात, रिकामी जागा भरून काढायला माझा आवाज तयार आहे, हे मी मास्तरांना नम्रपणे सुचवलंय."

"आक्का गेल्यावर किती वेळानं सुचवलंत?"

"तासाभरानं." ते जरा अडखळले. "जरा घाई झाली का?"

"लोक बोलतायत खरे. आक्का जाऊन फायदा झाला तर तुमचाच."

"फायदा?" निवेदकांचा रेडिओ बंद पडला आणि साधा माणूस बोलू लागला. "बाई, स्टुडिओत मी एकटा बसून काचेशी बोलतो. कोण ऐकतंय, काही पत्ता नसतो. म्हटलं, इथं तरी कुणाच्या कानाशी पोचेन. म्हणून तो खटाटोप. तिला घालवून कशाला? तिच्याशेजारी जागा मिळाली असती तरी पुष्कळ होतं."

बाईंनी मनाशी जुळवून पाहिलं. निवेदकांनी आक्काला काढलं असतं, तर तिच्या जागी स्वतःला बसवलं असतं. किल्ली हातात असताना कुणी डब्याला गादीवर बसवतं का? शिवाय त्यांच्या स्वतःच्या प्लगइनमध्ये 'चहा' अजून 'चंद्रा'सारखाच होता. ज्याला आपलं घर झाडता येत नाही, तो दुसऱ्याचं इतकं लखलखीत कसं पुसून देईल?

मास्तरांचं तर भट्टीशी सूतच जुळलं नव्हतं. ती नवी झाल्यापासून साध्या कामालाही ते भट्टीवाल्याला हाक मारत.

आणि भट्टीवाला? बाईंना आठवलं, डबा सुधारत असल्याचं त्यांच्या कानांनी मागेच टिपलं होतं. गेले कित्येक शनिवार दरवेळी थोडेथोडे शब्द नीट होत होते. जो आवाज कुणी वापरत नाही त्याच्यावर कुणी मेहनत का घेतंय, असं तेव्हा क्षणभर वाटलं होतं, आणि त्यांनी ते सोडून दिलं होतं. भांडण चार दिवसांपूर्वीचं. तयारी त्याच्या कितीतरी आधीची. रागानं घर पेटवणारा माणूस महिनाभर आधीपासून आतलं सामान हलक्या हातानं बाहेर काढून ठेवत नाही.

मग राहिला कोण? माळी.

पण माळ्यानंच तर ती बाग इतकी वर्षं जपली होती. आक्काच्या प्लगइनमध्ये कुणी चुकून एक अक्षर बदललं, तरी त्याच दिवशी ते पूर्ववत होई. त्यानं तिला का उपटावं?

बाईंनी त्याला लिहिलं, "थोडं बोलायचं होतं. फोन करू?"

डब्यानं उत्तर वाचून दाखवलं, "फो-न नको. लि-हून विचा-रावं."

४

सभेला पुष्कळ माणसं जमली. सभा म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी हेडफोन लावून बसायचं. मास्तरांनी हजेरी घेतली. भट्टीवाला "आहे" म्हणाला, ते एखाद्या आरोपीनं म्हणावं तसं. माळ्याचं नाव आलं तेव्हा डब्यानं वाचलं, "ह-जर."

पण आज माळ्याचा माइक चुकून उघडा राहिला होता. बाईंच्या कानात एक खोली उघडली. पंख्याची कुरकुर. पेल्यात चमचा फिरल्याची किणकिण. आणि एका म्हाताऱ्या माणसाचा सुरकुतलेला आवाज.

"सिस्टर, आज पण बबी बोलत नाही का हो? रुसली का माझ्यावर?"

कुणी उत्तर दिलं नाही. चमचा थांबला. हातावर हात थोपटल्याचा हलका आवाज आला. आणि माइक बंद झाला.

"माळीबुवा दवाखान्यात आहेत वाटतं," निवेदक म्हणाले. दोघंतिघं हसले आणि सभा पुढं सरकली.

लोक तावातावानं बोलले. कुंपणानंच शेत खाल्लं, म्हणाले. किल्ली काढून घ्या, म्हणाले. भट्टीवाल्यानं एकच वाक्य उच्चारलं, "घ्या काढून," आणि तो निघून गेला. त्याच्या जाण्याचा बारीकसा 'टुक' आवाज सगळ्यांच्या कानांत वाजला.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "त्यानं केलेलं नाही. ते मी आत्ता सिद्ध करते." आणि त्यांनी डब्याच्या शब्दांचं, कित्येक शनिवारांच्या तयारीचं सगळं सांगितलं.

"मग कुणी केलं?" मास्तरांनी विचारलं.

बाईंच्या कानांत अजून ती खोली होती. "मला थोडे दिवस द्या," त्या म्हणाल्या. "तोवर कुणाची किल्ली काढू नका. आणि त्या मुलाला फोन करा, मास्तर. तो एकटाच उठून गेलाय."

५

दुसऱ्या दिवशी खाली शिवणयंत्र सुरू झालं आणि बाई खुर्चीत विचार करत बसल्या.

एक्स्चेंजमधल्या माणसाला बोलण्यापेक्षा न बोलणं लवकर ऐकू येतं. लाइन मेलेली आहे, की समोरचा माणूस गप्प आहे, यातला फरक तिथं पहिल्या आठवड्यात शिकतात.

म्हाताऱ्यानं हाक मारली ती 'सिस्टर' अशी. खोलीत दुसरं कुणी असतं तर पावलं, श्वास, काहीतरी ऐकू आलं असतं. म्हणजे सिस्टर म्हणजेच माळी. माळी ही बाई होती.

बाईंनी ग्रुपवरचे माळ्याचे जुने निरोप ऐकायला घेतले. एरवी आपल्या भाषेत माणूस दोन वाक्यांत उघडा पडतो. मी आलो, मी आले, बघतो, बघते. माळ्याचं मात्र, 'आवरून झालं', 'तण काढलं', 'उद्या बघितलं जाईल'. इतक्या वर्षांत एकही 'येतो' नाही, एकही 'येते' नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही म्हणून कुणी रोज प्रत्येक वाक्य असं वळवून लिहीत होतं. इतके कष्ट माणूस सहज घेत नाही.

पण म्हाताऱ्यानं काकुळतीनं काही विचारलं, तर कोणतीही बाई निदान "हं, आजोबा" म्हणेल. हिनं हात थोपटला. बोलायचं नव्हतं म्हणून नाही. बोलता येत नव्हतं म्हणून.

आणि 'बबी'. म्हातारा ज्या बबीची वाट बघत होता, ती 'आज पण' बोलली नव्हती. म्हणजे काही दिवसांपूर्वीपर्यंत बोलत होती. शनिवारपासून अशी अबोल झालेली एकच होती. पण साऱ्या जगात तिला आक्का म्हणत. बबी कुणीच म्हणत नसे. माणसाला त्याच्या घरातल्या नावानं हाक मारतो तो त्या घरातलाच.

आवाज गेलेली एक बाई. आणि मालकीण नसलेला एक आवाज.

त्यांनी लिहिलं, "मला वाटतं, आक्का तुम्ही काढलीत. आणि मला वाटतं, ती तुमचीच होती. कुणाला सांगितलेलं नाही. भेटायला येऊ?"

दिवसभर उत्तर नाही. संध्याकाळी डबा बोलला. आधी एक पत्ता वाचला. बसनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचा. मग म्हणाला, "दु-पारी यावं. अप्-पा जा-गे असतात." आणि जरा थांबून, "ए-कटीनंच."

६

दार उघडलं ते शब्दाविना. एका कोरड्या, गरम हातानं बाईंचा हात धरला, चार पावलं चालवलं, खुर्चीची पाठ हाताला लावून दिली. औषधाचा आणि धुतलेल्या चादरींचा वास येत होता.

"कोण आलंय, सिस्टर?" पलंगावरून म्हाताऱ्यानं विचारलं.

"मी टेलिफोन एक्स्चेंजमधली, आजोबा," बाई म्हणाल्या.

"अरे वा! लाइन दुरुस्त करायला आलात का? आमची बबी बोलत नाही हो शनिवारपासून. दिवसभर बोलायची. बातम्या सांगायची, गोष्टी वाचायची. मला दिसत नाही ना आता." मग आवाज खाली आणून म्हणाला, "या सिस्टर फार चांगल्या आहेत. भरवतात, अंग पुसतात. मुलानं ठेवल्यात. पण मुक्या आहेत बिचाऱ्या. त्यांना कुणी नाही वाटतं."

शेजारी उभ्या असलेल्या बाईचा श्वास क्षणभर अडकला. बाईंनी तो ऐकला.

मग त्या दोघी आतल्या खोलीत बसल्या. माळी, आता तिला दुसरं काय म्हणायचं, टाइप करत होती आणि डबा वाचत होता. डब्याच्या तोडक्या आवाजात ती गोष्ट ऐकताना बाईंना वाटलं, कुणीतरी पत्र्यावर नखानं लिहितंय.

घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल. शस्त्रक्रियेआधी ती, मुद्रणात बाहेरची खुसफुस येऊ नये म्हणून, कपाटात कपड्यांच्या ढिगात बसून दिवसभर वाक्यं वाचायची, घसा फुटेस्तोवर. कुणाच्या तरी उपयोगी पडो, म्हणून आवाज कानडोळ्याला पाठवून दिला. मग त्याच्या आसपास राहता यावं म्हणून प्लगइनची बाग राखायला आली. "आवाज गेला, तेव्हा वाटलं, बाई की पुरुष हे तरी कशाला ठेवायचं."

मग अप्पांची नजर गेली, पाठोपाठ आठवणही पातळ झाली. तिनंच त्यांना कानडोळा बसवून दिला, आक्काच्या आवाजातला. वाटलं, त्यांना लेक ऐकू येईल. ती आलीच. पण मग जी बोलते ती लेक, आणि जी भरवते ती सिस्टर झाली.

"मा-झ्याच हा-तानं सवत आ-णून बसव-ली," डबा म्हणाला. बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

"मग या घरातल्या यंत्रावरचा आवाज तेवढा बदलायचा," त्या म्हणाल्या. "सगळ्या जगाचा कशाला काढलात?"

"बद-लला. खूप-दा. भाऊ रवि-वारी येतो. अप्पा रड-तात, म्हणून को-ठारातून पुन्हा उत-रवून देतो. म्हण-तो, तुझाच तर आ-वाज आहे, तुला काय त्रास? मला ओर-डता येत नाही."

बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"डब्याला शिकवलंत, ते बाकीच्यांचे हाल होऊ नयेत म्हणून," बाई म्हणाल्या. "पण एक माणूस फुकट चोर ठरत होता हो. त्याचा सख्खा भाऊ त्याच्याशी बोलत नाही."

कळा वाजल्या, थांबल्या, पुन्हा वाजल्या. "कबु-ली रोज लि-हून व्हायची. रोज पुस-ली जायची."

"आक्का अप्पांना बातम्या सांगायची. तुम्ही तिच्या तोंडून त्यांच्याशी कधी बोललात?"

"ना-ही."

"का नाही?"

"तो आ-वाज आता सग-ळ्यांचा. मा-झा नाही."

"सगळ्यांना तो नुसता वाचून दाखवतो," बाई म्हणाल्या. "मी रोज तिला विचारायचे, उठलीस का म्हणून. तिनं मला कधी विचारलं नाही. विचारणार कोण? तिच्यामागं माणूस नव्हतं. अप्पांच्या पलंगाशी मात्र आहे. मूळ आवाज पुसून टाकलात का?"

कळा वाजल्या आणि डबा म्हणाला, "तो क-सा पुसेन?"

७

तिनं लहान लॅपटॉप मांडीवर घेतला आणि ती पलंगावर अप्पांना खेटून बसली. बाईंनी अप्पांचा हात चाचपून धरला आणि लेकीच्या मनगटावर ठेवला.

कळा हलक्या वाजल्या. आणि किती दिवसांनी तो आवाज त्या खोलीत आला.

"अप्पा, मी इथंच आहे. हा हात माझा आहे."

म्हातारा दचकला. मनगट घट्ट धरून तो आवाजाच्या दिशेनं वळला. त्याची बोटं कोपरावरून खांद्यापर्यंत, खांद्यावरून गळ्यापर्यंत गेल्याचं कापडाच्या सळसळीवरून बाईंना कळलं. गळ्याशी ती थांबली. तिथं व्रण असणार. आता हाक मारेल, बाईंना वाटलं. आत्ता, या घटकेला.

"सिस्टर," म्हातारा हळूच म्हणाला, "तुम्ही अगदी आमच्या बबीसारख्या बोलता हो."

कळा थांबल्या.

"इतके दिवस का नाही बोललात?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं.

बाईंना वाटलं, ही आता उठून जाईल. गेली असती तर तिला दोष देता आला नसता. पण बऱ्याच वेळानं कळा पुन्हा वाजल्या.

"घसा बरा नव्हता, अप्पा."

"मग आता बसा इथं. बोला काहीतरी. माझ्या हाताला हात लागू द्या. काय होतं, ती नुसतं बोलायची आणि तुम्ही नुसता हात लावायचात. माणसानं कसं, दोन्ही करावं."

ती रडत होती. आवाज नसलेलं रडणं. नाकातून निघणारा श्वास आणि पलंगाचं बारीक हलणं. पण तिची बोटं कळांवरून उठली नाहीत. पाणी हवंय का, आक्का विचारत होती. ऊन डोळ्यांवर येतंय का. उशी उंच करू का.

अप्पांना डुलकी लागल्यावर तिनं ग्रुपवर लिहिलं. पाठवायच्या आधी बाईंना ऐकवलं, आक्काच्याच आवाजात.

"आक्काला मी काढलं. तो आवाज माझा होता. भट्टीवाल्यांचा काहीही संबंध नाही. त्यांची माफी मागते. शनिवारी आक्का परत कोठारात ठेवते. अट पूर्वीचीच."

ती 'मागते' म्हणाली होती, 'ठेवते' म्हणाली होती. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त तिचा हात दाबला.

पहिलं उत्तर भट्टीवाल्याचंच आलं. "माफी कसली. शनिवारी भट्टी लवकर पेटवतो. भावाला सांगतो." मग मास्तरांचं, "ठरल्याप्रमाणे, नाव कुणीही विचारायचं नाही."

तिनं बाईंना जिन्यापर्यंत सोडलं. तिथं लॅपटॉप नव्हता. तिनं बाईंचा तळहात आपल्या गालावर घेतला, क्षणभर ठेवला, आणि सोडला. मग आतून म्हाताऱ्याची हाक आली आणि ती लगबगीनं वळली.

बाई काठी टेकत खाली रस्त्यावर आल्या. बसचा थांबा त्या घराच्या खिडकीखालीच होता. खिडकी उघडी असावी. वरती अप्पा काहीतरी विचारत होते, आणि आक्का, बातम्या नाही, गोष्ट नाही, नुसतं घरातलं बोलत होती. "अप्पा, पेला धरा नीट. गरम आहे. आणि सकाळी इतकंसं का जेवलात?"

शनिवारी ती बाईंच्याही घरी येणार होती. वर्तमानपत्र वाचणार होती, निरोप वाचणार होती, अगदी याच आवाजात. हे वाक्य मात्र ती तिथं कधी म्हणणार नव्हती.

बस आली, दार उघडलं. वाहकानं विचारलं, "मावशी, चढताय ना?"

"पुढच्या गाडीनं येते," बाई म्हणाल्या आणि काठीवर दोन्ही हात ठेवून, मान किंचित वर करून, ऐकत उभ्या राहिल्या.